अंगणातला मांडव आणि माथ्यावरचा सूर्य

आमच्या खामगावच्या घराला पुढे एक लहानसे अंगण आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. माझ्या लहानपणी चैत्र लागला की वडील या अंगणावर मांडव घालीत. चार कोपऱ्यांना चार बल्ल्या, वर आडवे बांबू, त्यांवर तुराट्यांचा थर आणि त्यावर कडुनिंबाचे डहाळे. मृग तोंडावर आला की मांडव उतरवायचा, तुराट्या चुलीत जायच्या आणि हिवाळाभर अंगण उन्हाला मोकळे. पापड लाटणे, धान्य निवडणे, दुपारचा अभ्यास, पाहुण्यांची ऊठबस, सगळे त्या मांडवाखाली चाले.

मी नोकरीला लागल्यावर दरवर्षीची ही यातायात मला नकोशी झाली. मी अंगणावर पत्रे टाकून घेतले. एकदाच खर्च, पाऊसही अडेल, असा हिशेब केला. पहिल्याच उन्हाळ्यात आईने अंगणात बसणे सोडले. सकाळचे अकरा वाजले की ती सूप आणि पाटा उचलून शेजारच्या निंबाखाली जाऊन बसे. हिवाळ्यात तिला कोवळे ऊन हवे असे. तेव्हा अंगणात सावली आणि गारठा! दोन वर्षे तिने काही म्हटले नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "तुहं फिजिक्स कालेजात राहू दे बापू. मले माहा मांडव पाहिजे."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे हे बोलणे जरा लागलेच. माझे चुकले कुठे, हे शोधताना जे हाती आले ते या लेखात सांगणार आहे. कागद, पेन्सिल आणि कोनमापक जवळ घेऊन बसा. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे यात काही नाही.

पत्रा सावली देतो, मग उकडते का?

उन्हाळ्यात भर दुपारी आपल्याकडे जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. पत्रा ती अडवतो हे खरे, पण अडवलेली ऊर्जा जाते कुठे? काही परावर्तित होते, बाकीची पत्र्यात मुरते. पत्रा तापतो आणि स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो. उष्णता तीन मार्गांनी जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. पत्र्याखाली बसलेल्या माणसाला छळते ते मुख्यतः प्रारण.

तापलेल्या पृष्ठभागाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. हा स्टेफान आणि बोल्ट्झमन यांचा नियम. समजा, गंजलेला जुना पत्रा ६५ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३३८ केल्व्हिनला पोचला. आदर्श कृष्णवस्तू धरली तर त्याचे प्रारण दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट येते. तोच पृष्ठभाग हवेइतकाच, म्हणजे ४५ अंशांवर असता, तर ते ५८० वॅट भरले असते. फरक १६० वॅटचा. हा जादा मारा डोक्यावर, खांद्यांवर अखंड चालू असतो. भिंतीवर टांगलेला तापमापक मात्र हवेचे तापमान दाखवतो. त्यामुळे "तापमापक तर शेजारच्या निंबाखाली आहे तेवढेच दाखवतो आहे, मग आईला उकडते कसे?" असा भाबडा प्रश्न मला पडला होता.

दुसरी गोष्ट अशी की पत्र्याखालची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिथेच कोंडते. तिला वाट नाही. तुराट्यांच्या मांडवात अशा हजार वाटा होत्या. शिवाय ओल्या डहाळ्यांतील पाण्याचे बाष्प होताना दर ग्रॅमला सुमारे २४०० ज्यूल उष्णता खर्ची पडे. म्हणजे वडिलांचा मांडव सावली देत होता, तापत नव्हता आणि श्वासही घेत होता. माझा पत्रा यांतले एकच काम करीत होता.

चित्रातला पर्गोला

मग एका मित्राने मला छापील चित्रांचे एक पुस्तक आणून दिले. परदेशातील घरांच्या परसात खांबांवर फळ्यांचे उघडे छत असते, त्याला 'पर्गोला' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. 'पुढे आलेले छप्पर' असा त्याचा अर्थ. त्या चित्रांतल्या फळ्या कडेवर उभ्या ठेवलेल्या होत्या आणि दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा होती. देखणे दिसत होते. सुतारही तयार झाला. सुदैवाने लाकूड कापण्यापूर्वी मी कागदावर एक आकृती काढली.

तुम्हीही काढा. फळी २० सेंटिमीटर रुंद, पूर्व-पश्चिम पसरलेली, कडेवर उभी. दोन फळ्यांमधले अंतर १६ सेंटिमीटर. दुपारी सूर्य माथ्यापासून दक्षिणेकडे 'न' अंशांनी कललेला असेल, तर एका फळीची सावली २० × टॅन न इतक्या सेंटिमीटरची पडेल. ही सावली १६ सेंटिमीटरची झाली, की पुढच्या फळीच्या सावलीला जाऊन भिडते आणि अंगण पूर्ण सावलीत जाते.

आता 'न' किती? बुलढाण्याचा अक्षांश सुमारे साडेवीस अंश उत्तर आहे. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून त्याचे उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले कोनीय अंतर, वर्षभरात उत्तर साडेतेवीस अंशांपासून दक्षिण साडेतेवीस अंशांपर्यंत बदलते. अक्षांशातून क्रांती वजा केली की माध्यान्हीचा 'न' मिळतो. २२ डिसेंबरला २०.५ + २३.४ = ४३.९ अंश. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, २०.५ अंश. २३ मेच्या आसपास क्रांतीही साडेवीस अंश होते आणि 'न' शून्य होतो. सूर्य थेट डोक्यावर! तोच आपला शून्य छाया दिवस. २२ जूनला तर सूर्य माथा ओलांडून जवळजवळ ३ अंश उत्तरेला गेलेला असतो.

आता उभ्या फळ्यांचा हिशेब करा. २३ मेला टॅन शून्य म्हणजे शून्य. सावली फक्त फळीच्या जाडीएवढी. २२ डिसेंबरला टॅन ४३.९ म्हणजे ०.९६; सावली १९ सेंटिमीटरहून अधिक, म्हणजे अंगण पूर्ण अंधारात. ज्या दिवशी सावलीसाठी जीव कासावीस होतो त्या दिवशी हे छत काहीच देणार नाही, आणि ज्या दिवशी ऊन हवे त्या दिवशी सगळे ऊन अडवणार. काम नेमके उलटे!

मग ते चित्र खोटे होते का? नाही. पंचेचाळीस अक्षांशावरच्या गावी जूनमध्येही माध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून साडेएकवीस अंश दक्षिणेला असतो. तिथे याच उभ्या फळ्या माध्यान्हीचे निम्मे ऊन अडवतात आणि तिथल्या सौम्य उन्हाळ्याला तेवढे पुरते. ते छत त्यांच्या सूर्यासाठी बरोबर आहे. आपला सूर्य वेगळा आहे. चित्र उचलून आणता येते, अक्षांश उचलून आणता येत नाही.

तीन-चार-पाचचा त्रिकोण

आता तीच फळी तिरकी करा. वरची कड दक्षिणेला, खालची कड उत्तरेला. कल असा ठेवा की २० सेंटिमीटरची फळी म्हणजे कर्ण, १६ सेंटिमीटर पाया आणि १२ सेंटिमीटर उंची. ३, ४, ५ या बाजूंचाच हा त्रिकोण, चौपट केलेला. कोन येतो सुमारे ३७ अंश. फळ्यांमधले अंतर १६ सेंटिमीटरच आहे.

सूर्य माथ्यावर असेल तर फळीची सावली पायाएवढी, म्हणजे बरोबर १६ सेंटिमीटर. एक सावली संपते तिथे दुसरी सुरू होते. मे महिन्याच्या भर दुपारी पूर्ण सावली! आणि तरीही शेजारच्या दोन फळ्यांमध्ये साडेनऊ सेंटिमीटरची तिरकी फट शिल्लक आहे. तापलेली हवा त्या फटीतून वर निघून जाते.

सूर्य दक्षिणेला कलला की वरच्या कडेची सावली उत्तरेकडे, म्हणजे खालच्या कडेकडे सरकते. कड १२ सेंटिमीटर उंच असल्याने ती १२ × टॅन न इतकी सरकते. म्हणून

सावली = १६ − १२ × टॅन न

एवढ्या एका सूत्रावर वर्षाचा हिशेब मांडता येतो. सूर्य उत्तरेला असेल तर वजाच्या जागी अधिक येईल. माध्यान्हीची सावली टक्क्यांत अशी येते:

२२ डिसेंबर : उभी फळी १००, तिरकी फळी २८
२१ मार्च : उभी फळी ४७, तिरकी फळी ७२
१५ एप्रिल : उभी फळी २४, तिरकी फळी ८६
२३ मे : उभी फळी ०, तिरकी फळी १००
२२ जून : उभी फळी ६, तिरकी फळी १००
१५ ऑक्टोबर : उभी फळी ६९, तिरकी फळी ५९

दोन्ही रांगा शेजारी ठेवून पाहा. लाकूड तेच, खिळे तेच, मजुरी तीच. फक्त ३७ अंशांचा कल आणि त्याची दिशा. यात एकही चाक फिरत नाही, तरी उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळते. कल चुकून उलटा, म्हणजे वरची कड उत्तरेला केलात, तर डिसेंबरात काय होईल? सूत्रात चिन्ह बदलून तुम्हीच पाहा.

वास्तुविशारदांनी हा हिशेब भिंतींसाठीही केला आहे. ल कॉर्ब्युझिए यांनी अहमदाबादेत बांधलेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीला (१९५४) पूर्व आणि पश्चिम बाजूंना काँक्रीटच्या रुंद पट्ट्या आहेत. पश्चिमेकडच्या पट्ट्या मुद्दाम तिरप्या केल्या आहेत, म्हणजे मावळतीकडचे ऊन आत शिरत नाही आणि वारा मात्र येतो.

मग फिरवायचे कशाला?

स्थिर तिरक्या फळ्यांनी एवढे साधते, तर हल्ली मोठ्या शहरांतील उपाहारगृहांच्या आणि बंगल्यांच्या अंगणांवर दिसणारी मोटरने फिरणारी छते हवीत कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी दोन तारखा घ्या: २१ एप्रिल आणि २२ ऑगस्ट. या दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती जवळजवळ सारखी, पावणेबारा अंशांच्या आसपास असते. सूर्य सारख्याच उंचीवरून जातो, स्थिर छत दोन्ही दिवशी सारखीच ८८ टक्के सावली देते. पण एप्रिलमध्ये घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, अंगाची लाही होत असते. आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले, अंगणात चिखल आणि घरात दिवसा दिवा लावण्याची वेळ. सूर्याला पावसाळा ठाऊक नसतो. स्थिर छत फक्त सूर्य ओळखते, ऋतू ओळखत नाही. ऋतू ओळखायचा तर फळी फिरली पाहिजे.

फिरत्या छताच्या पट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या, आतून पोकळ असतात. प्रत्येक पट्टी दोन टोकांच्या खुंट्यांवर फिरते आणि सगळ्या पट्ट्या एका लांब दांडीला जोडलेल्या असतात. दांडी सरकली की सगळ्या एकदम कलतात. आपल्या पट्टीची रुंदी अंतरापेक्षा ४ सेंटिमीटर जास्त आहे. म्हणून मिटताना पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर टेकतात आणि छत बंद होते. या ठिकाणी फिरणे थांबते. एका बाजूला मिटलेली पट्टी दुसऱ्या बाजूला न्यायची तर ती उभी करून, वरून फिरवून न्यावी लागते. अशा पट्टीला वर्षात मुख्यतः पाच आसने पुरतात:

पहिले, मार्च ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात वरची कड उत्तरेला. सूर्य दक्षिणेला असल्याने सूत्रात अधिक चिन्ह येते आणि माध्यान्हीला पूर्ण सावली मिळते.

दुसरे, मेअखेर ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य माथ्याच्या उत्तरेला. तेव्हा वरची कड दक्षिणेला, कल ३७ अंश.

तिसरे, हिवाळ्यात वरची कड दक्षिणेलाच, पण कल ४६ अंश. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्याचे उन्नतांश ४६ असतात. किरण आणि पट्टी समांतर, त्यामुळे जवळजवळ सगळे ऊन आत.

चौथे, पावसात पूर्ण मिटलेले.

पाचवे, उन्हाळ्याच्या रात्री पट्ट्या उभ्या. स्वच्छ, कोरडे आकाश हवेपेक्षा बरेच थंड असते. तापलेली फरशी त्या आकाशाकडे प्रारणाने उष्णता टाकते आणि निवते. छत बंद ठेवले तर हीच उष्णता रात्रभर खाली अडकून राहते. गच्चीवर झोपणाऱ्या आपल्या आजोबांना हा नियम नावाने ठाऊक नव्हता एवढेच.

पट्ट्या पूर्व-पश्चिमच का घ्यायच्या, हेही इथे ध्यानात येईल. डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्याच्या किरणांचा उत्तर-दक्षिण पातळीतला कोन ३८ अंश असतो आणि माध्यान्ही ४६. तीन तासांत फरक फक्त ८ अंशांचा. विषुवदिनी तर हा कोन दिवसभर बदलतच नाही. म्हणून पूर्व-पश्चिम पट्ट्यांना सूर्याचा पाठलाग करावा लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा हात लावला तरी चालतो. पट्ट्या उत्तर-दक्षिण बसवल्या तर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या फिरवत बसावे लागेल. दिशा नीट निवडली की यंत्राचे निम्मे काम वाचते.

मोटर किती मोठी?

मोटर म्हटले की विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे येतो. हिशेब करू. चार मीटर लांबीत १६ सेंटिमीटर अंतराने २५ पट्ट्या बसतात. एक पट्टी ६ किलोची धरली तर एकूण १५० किलो. सगळ्यांत वाईट रचना धरा: पट्टी मधोमध न अडकवता कडेवर अडकवली आहे. आडवी पट्टी उभी करताना तिचा गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर चढतो. कार्य = १५० × ९.८ × ०.१ = १४७ ज्यूल. पंधरा लिटर पाण्याची घागर एक मीटर उचलायला लागते तेवढेच! हे काम ३० सेकंदांत करायचे तर शक्ती लागते ५ वॅटहून कमी. घर्षणासाठी आणखी काही पट धरा, तरी घरातल्या पंख्याहून कमीच. पट्टी मधोमध अडकवली तर दोन्ही बाजू तागडीसारख्या तोलल्या जातात आणि उरते ते केवळ घर्षण.

म्हणूनच अशा छतांना बहुधा २४ व्होल्टची लहान मोटर पुरते. तिच्या आसावर मळसूत्र असते. मळसूत्राचा चढ मंद असल्यामुळे मोटर दांडी ढकलू शकते, पण वाऱ्याने हललेली पट्टी उलट मोटरला फिरवू शकत नाही. वीज बंद झाली तरी पट्टी आहे त्या कोनात राहते. प्रवासाच्या दोन्ही टोकांना एकेक कळ असते. दांडी तिला टेकली की प्रवाह तुटतो, नाहीतर मोटर जळेल.

पावसाची चाहूल घेणारी तबकडीही सोपी आहे. तिच्यावर धातूच्या दोन नक्ष्या कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तशा, पण न टेकणाऱ्या, काढलेल्या असतात. थेंब पडला की पाण्यातून प्रवाह वाहू लागतो आणि छत मिटण्याची सूचना जाते. वाऱ्याचा वेग मोजायला वेधशाळेत असते तसे वाट्यांचे चक्र.

वारा: खरा परीक्षक

खांबांनी छताचा भार तोलायचा असतो, असे आपण समजतो. पण आपल्याकडच्या उघड्या मांडवाला खरा धोका खाली कोसळण्याचा नसून वर उडण्याचा असतो. वळवाच्या पावसाआधी येणारे वादळ आठवा. वारा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने आला तर त्याचा गतिज दाब अर्धा × १.२ × ४०० = २४० न्यूटन दर चौरस मीटरला. बंद छताचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. एकूण बल सुमारे २८८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९४ किलो वजनाइतके. छताच्या आकारानुसार ते कमी-जास्त होईल, पण छताचे वजन १५० किलोच आहे हे विसरू नका. म्हणून खांब जमिनीवर नुसते ठेवून भागत नाही. काँक्रीटच्या पायात पक्के धरावे लागतात आणि बाजूच्या धक्क्यासाठी तिरके आधार द्यावे लागतात. पत्र्यावर दगड ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. उडालेला पत्रा आपल्याच घरावर पडेल असे नाही.

पट्ट्या उघड्या असतील तर वारा फटींतून निघून जातो आणि छताच्या वर-खाली दाबाचा मोठा फरक साचत नाही. पण इथे एक पेच आहे. वळवाचा पाऊस आणि वादळ बरोबरच येतात. पावसाची तबकडी म्हणते 'मीट', वाऱ्याचे चक्र म्हणते 'उघड'. यंत्राने कोणाचे ऐकावे? घरी बनवलेल्या हलक्या छतापुरते माझे उत्तर असे: वाऱ्याचे. भिजलेले अंगण तासाभरात वाळते. आणि नेमक्या त्याच वेळी वीज जाते हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मोटर असो वा नसो, हाताने फिरवायचा दांडा असलाच पाहिजे.

पाऊस अडवायचा म्हणजे पाणी कुठेतरी न्यायचेही आले. १२ चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ६०० लिटर पाणी होते. पट्टीच्या कडेला पन्हळ, पट्ट्यांच्या टोकाला चौकटीत पन्हळ आणि खांबातून खाली नळी, अशी वाट असते. ते पाणी टाक्यात घेतले तर उत्तमच.

छताने न होणारी कामे

इतके करूनही छताला काही गोष्टी जमत नाहीत. २३ मेला सायंकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्याचे उन्नतांश सुमारे २० असतात. अडीच मीटर उंचीवरच्या छताची सावली तेव्हा पावणेसात मीटर पूर्वेला जाऊन पडते, म्हणजे चार मीटरच्या अंगणाबाहेर. छत जागेवर, सावली शेजाऱ्याच्या दारात! पश्चिमेला बांबूची चीक सोडावी लागते. पावसाळ्यात दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवला तर तो ऑक्टोबरचे तिरपे ऊन अडवतो आणि भाजीही देतो.

दुसरे असे की सावली हवा थंड करीत नाही. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, जास्त तापली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. वृद्धांचा घाम कमी येतो, तहानही लवकर जाणवत नाही. तेव्हा ४४-४५ अंशांच्या दुपारी कितीही चांगला मांडव असला तरी म्हाताऱ्या माणसांना आत, ओल्या वाळ्याच्या पडद्यामागे न्यावे आणि न मागता पाणी द्यावे. पाण्याचे बाष्प कोरड्या हवेतच झपाट्याने होते. म्हणून हा पडदा मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत नुसता ओला राहतो.

करून पाहा

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या २ सेंटिमीटर रुंद दहा पट्ट्या कापा. बुटांच्या खोक्याचे झाकण काढून वरच्या कडांना १.६ सेंटिमीटर अंतराने खाचा पाडा आणि पट्ट्या ३७ अंशांत बसवा. दिशा होकायंत्राने ठरवा. खोक्याच्या तळाला आलेखाचा कागद लावा आणि माध्यान्ही किती चौकोन सावलीत आहेत ते मोजा. मात्र घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि बुलढाणा ७६.२ अंशांवर. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे आपली माध्यान्ह सरासरीने १२ वाजून २५ मिनिटांनी होते. दर महिन्याच्या २२ तारखेला मोजा आणि सूत्राशी ताडून पाहा. २३ मेच्या आसपास उभी काठी रोवून तिची सावली नाहीशी होते का तेही बघा. लोणारच्या मुलांना हा दिवस तीन-चार दिवस आधी लाभेल, कारण लोणार बुलढाण्याच्या दक्षिणेला आहे. जुलैच्या विसाच्या सुमारास हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा सूर्य ढगांत असण्याचीच शक्यता अधिक.

शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: फळ्यांना चुना का लावायचा, आणि दोन्ही बाजूंना लावायचा की वरच्याच?

आमच्या अंगणाचे काय झाले? पत्रे काढले. पायात चार खांब धरले आणि २० सेंटिमीटर रुंदीच्या चुना दिलेल्या फळ्या मधोमध खुंट्यांवर बसवल्या. गावच्या लोहाराने एक दांडी आणि एक दांडा करून दिला. मोटर घेतली नाही. १४७ ज्यूलसाठी ती कशाला? पंधरा दिवसांतून एकदा दांडा फिरवायचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. कोन मोजायला तिला कोनमापक लागत नाही. फरशीवरची उन्हाची शेवटची रेघ मिटली की ती हात थांबवते. मी एकदा मापून पाहिले. अंशभराचाही फरक नव्हता.